क्षेत्रकार्याच्या अहवालात निरीक्षण कुठे संपते आणि निष्कर्ष कुठे सुरू होतो?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची असल्यामुळे मानसशास्त्र यापूर्वी कधी शिकले नव्हते. आता मानवी वर्तनाचा विषय आणि व्यक्तिसहाय्य कार्याचा, म्हणजे एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला मदत करण्याच्या ज्या पद्धतीला आम्ही सगळे केसवर्कच म्हणतो तिचा, असे दोन्ही विषय एकाच सत्रात आले आहेत. आठवड्यातून दोन दिवस सोलापुरातल्या एका वस्तीत माझे क्षेत्रकार्य असते.

वस्तीजवळच्या शाळेने सातवीतल्या एका मुलीचे नाव अनियमित हजेरीसाठी आमच्याकडे दिले. मी गृहभेटीला गेले तेव्हा तिची आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मी अर्धा तास बसले. तिने मान वर न करता माझ्या प्रत्येक प्रश्नाला एक-दोन शब्दांत उत्तर दिले. वडील घरी नव्हते. ते पितात, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. परत येऊन मी अहवालात लिहिले: ‘माता उदासीन असून तिच्यात आत्मविश्वासाचा अभाव दिसतो. कुटुंबात शिक्षणाविषयी अनास्था आहे. पिता व्यसनाधीन आहे.’ माझ्या मार्गदर्शक शिक्षिकांनी या तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले: ‘हे तुम्हाला दिसले का?’

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. स्वीकार, समानुभूती, प्रबलन, अध्ययनित असहायता या सगळ्या संज्ञांच्या व्याख्या मला पाठ आहेत, पण त्या घरात बसल्यावर त्यांतली एकही माझ्या उपयोगी पडली नाही. या संकल्पना प्रत्यक्ष माणसासमोर कशा वापरायच्या असतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निंबोणी

मी बावीस वर्षे मानसशास्त्र शिकवते आहे, त्यामुळे तुमच्या शिक्षिकांच्या लाल रेघेपासूनच सुरुवात करते. ‘मान वर न करता एक-दोन शब्दांत उत्तर दिले’ हे निरीक्षण आहे आणि ते तुम्ही इथे उत्तम लिहिले आहे. ‘उदासीन’ हा त्या निरीक्षणावर तुम्ही लावलेला अर्थ आहे. त्याच वागण्याचे दुसरे पाच अर्थ तुम्ही लिहू शकता का, हे पाहा. दुसरा एकही अर्थ सुचत नसेल, तर पहिला अर्थ त्या बाईंचा नसून आपला आहे असे समजायला हरकत नाही.

तुमच्या अभ्यासक्रमात ‘मूलभूत आरोपण दोष’ ही संज्ञा असेल. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला अवाजवी महत्त्व देतो आणि परिस्थितीला फार कमी, असा तिचा अर्थ आहे. या दोषाला हे नाव ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिले, पण तो त्याआधीच एका साध्या प्रयोगात लख्ख दिसला होता. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. लेखकाने कोणती बाजू घ्यायची हे त्याला दुसऱ्यानेच ठरवून दिले होते, असे स्पष्ट सांगितल्यानंतरही, कॅस्ट्रोंच्या बाजूने लिहिणारा मनातूनही बराचसा त्यांच्या बाजूचाच असावा, असे वाचणाऱ्यांना वाटत राहिले. परिस्थितीची सक्ती त्यांना ठाऊक होती, तरी ती त्यांच्या हिशेबात पुरेशी उतरली नाही. तुमच्यासमोर बसलेल्या बाईंवर हजार बिड्या पुऱ्या करण्याची सक्ती होती. ती तुम्हाला सुपात दिसतही होती, आणि तरीही तुमच्या अहवालात फक्त स्वभाव उतरला.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या म्हैसूरमधल्या लोकांकडून रोजच्या वागण्याची कारणे विचारून घेतली होती. लहान मुलांत फारसा फरक नव्हता. वय वाढत गेले तसे अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे अधिक बोट दाखवू लागले आणि म्हैसूरचे प्रौढ परिस्थितीकडे व नात्यांकडे. म्हणजे प्रसंग पाहून माणूस समजून घेण्याची सवय आपल्याकडे घरातच लागते. असे असताना आमच्या विद्यार्थ्यांचे अहवाल ‘आत्मविश्वासाचा अभाव’, ‘न्यूनगंड’, ‘अनास्था’ अशा शब्दांनी का भरतात? माझे मत असे की ही सवय आम्ही शिक्षकच मोडतो. संज्ञा वापरली की गुण मिळतात, हे विद्यार्थी पहिल्या चाचणीतच ओळखतो.

समानुभूतीबद्दलही थोडे सांगते. सहानुभूतीत आपल्याला त्या माणसाविषयी वाईट वाटते. समानुभूतीत त्याच्या जागेवरून जग कसे दिसत असेल ते समजून घेण्याचा प्रयत्न असतो, आणि आपण समजलो ते बरोबर आहे का, हे त्यालाच विचारावे लागते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारातील बदलासाठी आवश्यक म्हणून ज्या अटी मांडल्या, त्यांत समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा स्वतःचा खरेपणा या तिन्हींबरोबर आणखी एक अट होती, ती म्हणजे समोरच्या व्यक्तीला हा स्वीकार आणि ही समज थोडी तरी जाणवली पाहिजे. पाठांतरात ही शेवटची अट हमखास गळते. आपल्या मनात समानुभूती दाटून आली आणि त्या बाईंना ती पोचलीच नाही, तर रॉजर्स यांच्या हिशेबाने काहीच घडले नाही.

दीपमाळ

मीही विद्यार्थिनी आहे. एक शंका विचारते. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या माणसाच्या गरजांच्या त्रिकोणात अन्न आणि सुरक्षितता तळाशी आहेत. मग पोटाची चिंता असलेल्या घरात भावनांविषयी बोलणे अप्रस्तुत ठरत नाही का?

निंबोणी

मॅस्लो यांचा मूळ निबंध १९४३ चा आहे आणि त्यात त्रिकोणाची आकृती नाही. ती नंतर इतरांनी काढली. एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी जागी होत नाही असा समज होऊ नये, हे त्यांनी त्याच निबंधात सांगितले आहे आणि गरजांचा क्रम माणसागणिक बदलतो हेही मान्य केले आहे. अर्धपोटी माणसालाही अपमान कळतो. आकृती पाहून कोणाशी काय बोलायचे ते ठरवू नका.

कऱ्हाकाठ

मी पोलीस ठाण्याच्या आवारात चालणाऱ्या समुपदेशन केंद्रात काम करते. आपल्या राज्यात या कामाची वाट १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाने घालून दिली. पोलीस ठाण्यात आलेल्या बाईला तक्रारदार म्हणून उभे करण्याआधी बसायला जागा आणि ऐकणारे माणूस मिळावे, हा त्यामागचा विचार आजही आम्हाला पुरतो.

पाटीपेन्सिल, तुम्ही ‘अध्ययनित असहायता’ हा शब्द लिहिला आहे, म्हणून सांगते. मारहाण सोसणाऱ्या बाईविषयी ‘ती सोडून का जात नाही?’ हा प्रश्न आमच्याकडे रोज विचारला जातो, आणि नव्याने शिकून आलेला विद्यार्थी लगेच हा शब्द पुढे करतो. सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेचे धक्के कशानेही थांबवता आले नव्हते, त्यांतील बऱ्याच कुत्र्यांनी पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही उठण्याचा प्रयत्न केला नाही. यावरून असहायता शिकली जाते, असे मांडले गेले. पण त्याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलीच मांडणी जवळपास उलटी केली: दीर्घकाळ त्रास झाला की निष्क्रिय होणे ही मूळचीच प्रतिक्रिया असते, जे शिकले जाते ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. माझ्यासारखीला ही दुरुस्ती सोन्यासारखी वाटते, कारण तिच्यामुळे कामाची दिशा बदलते. बाईने चुकीचे काय शिकले हे शोधत बसण्यापेक्षा, तिच्या हातात आज कोणती एक गोष्ट ठेवता येईल हे आपण पाहू लागतो. बँकेचे पासबुक स्वतःजवळ ठेवणे, माहेरचा फोन नंबर पाठ करणे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नावाची व्यक्ती आपल्या तालुक्यासाठीही नेमलेली असते हे माहीत होणे, इतक्या लहान गोष्टींपासून सुरुवात होते. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जणी असहाय मुळीच नसतात. त्या घर सोडत नाहीत, कारण त्यांनी हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो.

आता त्या वडिलांविषयी. ‘व्यसनाधीन’ हा शब्द शेजारणीच्या सांगण्यावरून लिहू नका, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की प्रबलनाची, म्हणजे वर्तनाच्या परिणामामुळे ते वर्तन वाढण्याची, संकल्पना इथे खरोखर उपयोगी आहे. परीक्षेत बहुतेक जण ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत करतात. शिक्षेने वर्तन कमी होते. ऋण प्रबलनात एखादी त्रासदायक गोष्ट दूर होते आणि त्यामुळे वर्तन वाढते. रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरतात, जीव घाबरा होतो, आणि घोटभर पोटात गेले की ते थांबते. तो दारूतून आनंद घेत असतो असे घरच्यांना वाटते, पण या टप्प्यावर बराच वेळ तो फक्त थरथर थांबवत असतो. हे समजावून सांगितले की बायकोचा त्याच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन थोडा बदलतो, हा माझा अनुभव आहे. त्याने केलेल्या मारहाणीची जबाबदारी मात्र त्याने कमी होत नाही. आणि कोणत्याही विद्यार्थ्याने अशा माणसाला ‘उद्यापासून एकदम बंद करा’ असा सल्ला देऊ नये. फार पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

ओलीवाट

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक हरकत नोंदवायची आहे. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत एक बाई, एक मुलगी आणि एक बाप एवढेच दिसतात. त्यांच्या शेजारची घरे दिसत नाहीत. मी वस्त्यांमध्ये संघटनाचे काम करतो आणि माझा अनुभव असा की विद्यार्थी केसवर्क आधी शिकतो, म्हणून त्याला प्रत्येक प्रश्न एका घराचा वाटतो.

समाजकार्याच्या सहा पद्धती तुम्ही पहिल्याच महिन्यात लिहून घेतल्या असतील: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती. त्या एका ओळीत लिहिल्या की सारख्या वजनाच्या वाटतात, पण त्यांच्यात सुरुवातीपासून ताण आहे. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून एकेका कुटुंबाची माहिती पद्धतशीर कशी गोळा करावी हे शिकवले. त्याच्या कितीतरी आधी, १८८९ मध्ये, जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत हल हाउस हे वस्तीकेंद्र उघडले होते आणि त्या स्वतः तिथेच राहत होत्या. वस्तीत कचरा साठून मुले आजारी पडत होती, तेव्हा ॲडम्स यांनी १८९५ मध्ये आपल्या प्रभागाच्या कचरा निरीक्षकाचे पद स्वीकारले आणि पहाटे उठून त्या कचरागाड्यांच्या मागे जात असत. आजारी मुलाच्या आईला स्वच्छतेचे महत्त्व पटवून तो प्रश्न सुटणार नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही आधीच केला होता; तरी पाणी मिळत नव्हते. मुंबईला नागपाड्यात १९३६ मध्ये समाजकार्याच्या शिक्षणाची देशातली पहिली संस्था निघाली, ती या घटनेनंतर नऊ वर्षांनी. सामाजिक कृती ही पद्धत आपण पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकतो आणि फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांना ‘समाजसुधारक’ म्हणून इतिहासाच्या तासाला ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, आणि कोणी त्यांना नाव-गाव विचारणार नाही, अशी ती सोय होती. स्वीकार आणि गोपनीयता यांची याहून चांगली शिकवण मला तरी माहीत नाही.

पाटीपेन्सिल, तुम्हाला माझी सूचना एवढीच की त्या मुलीच्या घरी पुन्हा जाण्याआधी त्या गल्लीत सकाळपासून दुपारपर्यंत नुसते थांबा.

कऱ्हाकाठ

ओलीवाट दादा, तुमचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, पण पूर्ण नाही. संध्याकाळी सात वाजता ओठ फुटलेली बाई समोर बसते, तेव्हा तिला आज रात्री कुठे झोपायचे याचे उत्तर हवे असते आणि ते गल्लीच्या संघटनाची वाट पाहू शकत नाही. हेलन पर्लमन यांनी १९५७ मध्ये केसवर्कचे चार घटक सांगितले: व्यक्ती, समस्या, संस्था आणि प्रक्रिया. यातली ‘संस्था’ म्हणजे जिथे मदत मिळते ती जागा. तिला त्यांनी व्यक्तीच्या बरोबरीने स्थान दिले, कारण त्या जागेचे नियम, वेळा आणि मर्यादा यांमुळेही माणसाची समस्या घडते किंवा सुटते. म्हणजे परिस्थितीचा विचार केसवर्कमध्ये मुळातच आहे; आपण शिकवताना तो पातळ करतो.

गोपनीयतेचा विषय निघालाच आहे, तर विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट लिहिते. फेलिक्स बिस्टेक यांनी, तेही १९५७ मध्येच, केसवर्कच्या नात्याची सात तत्त्वे मांडली आणि त्यांत गोपनीयता आहे. पण ती अमर्याद नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यात विद्यार्थीही आले. म्हणून मुलांशी बोलताना ‘तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, पण ते मी तुला सांगून करेन’ असे आधीच म्हणावे. मूल ते समजून घेते. मोडलेले वचन मात्र ते विसरत नाही. आणि असे काही कानावर आले की एकट्याने निस्तरायला जाऊ नका, त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षिकांना सांगा.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्ये मी जे सांगितले गेले ते करून पाहिले.

निंबोणी ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी ‘एक-दोन शब्दांत उत्तर दिले’ याचे दुसरे अर्थ लिहायला बसले, आणि तिसऱ्याच ओळीला थांबले. त्या घरात तेलुगू बोलतात. इथल्या बिडी आणि यंत्रमाग कामगारांच्या कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, आणि तरी मी माझे प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले होते. दुसऱ्या भेटीला मी गटातल्या तेलुगू येणाऱ्या मैत्रिणीला बरोबर नेले. ती बाई आमच्याशी तासभर बोलली. बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत आणि नजर सुपावरच होती, पण आता ते मला कामाचे कौशल्य म्हणून दिसले.

त्यानंतर ओलीवाट दादांच्या सांगण्यावरून मी गल्लीत थांबले, आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचा हजेरीपट पाहिला. मुलीच्या अनुपस्थितीच्या तारखा उतरवून घेतल्या. त्या एकसारख्या अंतराने येत होत्या, कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. त्या भागात नळाला पाणी ज्या दिवशी येते ते दिवस मी गल्लीतल्या बायकांकडून विचारून घेतले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. अकरापैकी नऊ गैरहजेऱ्या पाण्याच्या दिवसाच्या होत्या. पाणी सकाळी येते, त्याच वेळी आईला वळलेल्या बिड्या कारखान्यात देऊन नवी पाने आणि तंबाखू आणायला जावे लागते. उशीर झाला तर त्या दिवशीचे काम जाते. म्हणून पाणी भरायला मुलगी घरी राहते. वर्गशिक्षकांनी सांगितले की त्याच गल्लीतल्या आणखी चार मुली अधूनमधून येत नाहीत. त्यांच्या तारखा मी अजून पाहिलेल्या नाहीत.

वडिलांना अजून भेटले नाही. त्यांच्याविषयीचे वाक्य मी खोडले आहे.

काल अहवाल पुन्हा लिहिला. त्यातला त्या कुटुंबाविषयीचा परिच्छेद असा आहे: ‘माता बिडी वळण्याचे काम करते. गृहभाषा तेलुगू. मुलीच्या नोंदलेल्या ११ अनुपस्थितींपैकी ९ पाणीपुरवठ्याच्या दिवशी आहेत. त्या वेळी माता कारखान्यात असते. मातेचे म्हणणे: मुलीने दहावीपर्यंत शिकावे अशी इच्छा आहे. पाणी भरण्यासाठी घरात दुसरे कोणी आहे का, हे पुढील भेटीत विचारायचे आहे. गल्लीतील इतर चार मुलींच्या हजेरीची माहिती घेणे बाकी आहे.’ शिक्षिकांनी या वेळी रेघ ओढली नाही. समासात त्यांनी विचारले आहे की पुढची बैठक त्या घरात घ्यायची की गल्लीत, आणि कोणत्या वेळी. गल्लीतल्या बायका दुपारी तीननंतर ओट्यावर एकत्र बसून वळतात, म्हणून मी तीनची वेळ लिहिली आहे.